किल्लीवाचून कुलूप

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी समुद्रास मिळते आणि तिच्या मुखापाशीं पलीकडच्या तीरावर भाट्ये हें गांव वसलें आहे. अलीकडे राजिवडा; वर टेकडीवर, १८८६ पासून १९१६ पर्यंत रत्नागिरींत नजरकैदेंत राहिलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा; मध्यें खाडी आणि तिजवरील पूल; आणि पूल उतरून गेलें कीं सुरूचें बन व त्याच्या पलीकडे लांबवर पसरलेली वाळू. येथील हवेंत मीठ असतें. तें जसें जिभेस लागतें तसें लोखंडासही लागतें. कोंकणांतील कितीएक घरें वर्षाचे बहुतेक महिने बंद असतात. घरधनी मुंबईस, किल्ली शेजारच्या घरीं खुंटीला, आणि दाराच्या कोयंड्यांत एक कुलूप, अशी त्यांची व्यवस्था असते. आषाढ-श्रावणांतील सरींनीं आणि समुद्रावरील वाऱ्यानें त्या कुलपाचें काय केलें, हें भाद्रपदांत कळतें. चतुर्थीच्या आदल्या दिवशीं मंडळी सामानासकट अंगणांत येऊन उभी राहतात. किल्ली कुलपांत जाते, पण फिरत नाहीं.

मग कोणी दगड उचलतो, कोणी कोयंडाच उपटावा म्हणतो. तेवढ्यांत जमलेल्यांपैकीं एखादा शांत मनुष्य पुढें होतो, खिशांतून एक वांकविलेली पट्टी आणि एक बारीक तार काढतो, आणि पांच-दहा मिनिटें कुलपाशीं कांहीं हितगुज केल्यासारखें करतो. कुलूप सुटतें. घर उघडतें, केर निघतो, त्या मनुष्यास चहा मिळतो. परंतु चहा देणाऱ्याच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो व तो शिष्टाचारामुळें ओठांवर येत नाहीं. ह्याला हें येतें कसें? आणि आज ज्यानें हें कुलूप उघडलें, त्याला उद्यां दुसरें उघडतां येणार नाहीं काय? हा मनांतल्या मनांत राहणारा प्रश्न फार जुना आहे, आणि कुलपांचा सारा इतिहास त्याच्याभोंवतीं फिरला आहे.

कुलपाच्या आधीं आगळ होती. सप्तशतीच्या पाठापूर्वीं कवच, अर्गला आणि कीलक हीं तीन स्तोत्रें म्हणण्याचा प्रघात घरोघर ठाऊक आहे. त्यांतील अर्गला म्हणजे दाराची आगळ, आणि कीलक म्हणजे खिळी किंवा खुंटी. आगळ आंतून पडते. म्हणजे ती घालावयास घरांत कोणी तरी असावें लागतें. कुलूप बाहेरून लागतें, आणि म्हणूनच घर सोडून जाणाऱ्याला तें हवें असतें. आगळ ही घरांत माणूस आहे ह्याची खूण, तर कुलूप ही घरांत माणूस नाहीं ह्याची. चोरास वाचतां येणारी अशी ही एकच पाटी घरधनी आपल्या हातानें दारावर लावून जातो! शब्दांकडे पाहिलें तरी कौतुक वाटतें. ‘कुलूप’ हा अरबी ‘कुफ्ल’ शब्दाचा मराठी अवतार आहे. उन्हाळ्यांत खावयाची कुलफी आणि दारूनें भरलेला कुलपी गोळा हे त्याचेच नातलग. ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आली. ‘टाळें’ मात्र संस्कृत तालकापासूनचें. अरबांचीं व पोर्तुगीजांचीं गलबतें ज्या किनाऱ्यास लागत असत, त्या किनाऱ्यावरील माणसानें कुलूप एकापासून घ्यावें आणि चावी दुसऱ्यापासून, ह्यांत नवल कांहींच नाहीं.

किल्लीवाचून दार उघडण्याच्या विद्येचा आपल्या वाङ्मयांतील सर्वांत रसिक उपासक म्हणजे शूद्रकाच्या मृच्छकटिकांतील शर्विलक. गोविंद बल्लाळ देवलांच्या नाटकामुळें मराठी प्रेक्षकांस तो घरच्यासारखा झाला आहे. मदनिकेला दास्यांतून सोडविण्यासाठीं हा ब्राह्मण चारुदत्ताचें घर फोडतो. भिंतीस भोंक कोणत्या आकाराचें पाडावें ह्याचा तो शिल्पकाराप्रमाणें विचार करतो, सकाळीं शेजारी जमतील तेव्हां त्यांनीं कारागिरीची तारीफ करावी अशी इच्छा धरतो, आणि माप घेण्याचा दोरा घरीं विसरला म्हणून गळ्यांतील यज्ञोपवीताचा उपयोग करतो. तेथेंच तो जानव्याचे जे उपयोग गणतो, त्यांत यंत्रानें घट्ट बसविलेलीं दारें उघडणें हाही एक आहे. दोऱ्यानें आंतली खिळी ओढून दार उघडण्याची युक्ति तेव्हां जाणत्यांस माहीत होती, हें त्यावरून उघड होतें. नाटककारानें ती रंगभूमीवर, राजसभेच्या देखत सांगितली. त्यामुळें उज्जयिनींत चोऱ्या वाढल्या अशी तक्रार कोणीं केल्याचें ऐकिवांत नाहीं.

अशी तक्रार खरोखर झाली ती लंडन शहरांत, १८५१ सालीं. आणि ही हकीकत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. इंग्लंडांत त्या वेळीं दोन कुलपांचा मोठा दबदबा होता. एक जोसेफ ब्रामाचें. ब्रामानें १७८४ सालीं त्याचें पेटंट घेतलें आणि १७९० पासून पिकाडिली रस्त्यावरील दुकानाच्या खिडकींत एक कुलूप मांडून ठेविलें. हें कुलूप उघडणारें हत्यार जो कोणी बनवील त्यास दोनशें गिनी रोख, अशी त्यावर पाटी होती. दुसरें चबचें. पोर्ट्समथच्या गोदींत १८१७ सालीं खोट्या किल्ल्यांनीं चोरी झाली. सरकारनें मूळ किल्लीवांचून न उघडणारें कुलूप मागितलें. आणि जेरेमाया चब ह्यानें १८१८ सालीं तें करून दिलें. त्याच्या आंत एक गुप्तहेर बसविलेला होता. कोणी चुकीच्या किल्लीनें किंवा तारेनें आंतली एखादी लिव्हर जरुरीपेक्षां अधिक उचलली, कीं ती अडकून बसे. आणि मालक आपली किल्ली घालूं लागला म्हणजे कोणी तरी हात लावून गेला हें त्यास कळे. कैद्यांच्या जहाजावरील एका बंदिवान कुलूपकारास हें कुलूप देण्यांत आलें आणि उघडल्यास माफी व शंभर पौंड कबूल करण्यांत आले. सुटकेसाठीं मनुष्य काय करणार नाहीं? परंतु महिनोन् महिने खटपट करून त्यानें हात टेकले.

हाइड पार्कमधील कांचेच्या महालांत जगाचें प्रदर्शन भरलें, तेव्हां न्यूयॉर्कच्या एका कुलूपगृहाचा प्रतिनिधि आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स तेथें आला. त्यानें साक्षीदारांसमक्ष चबचें कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलें. मौज अशी कीं, तो आंतला गुप्तहेरच त्याच्या उपयोगीं पडला. कोणती लिव्हर अधिक उचलली गेली हें तो हेर सांगतो, म्हणजेच कोणती किती उचलावी हेंही तोच सांगतो! पहारेकरी फितूर झाला म्हणजे किल्ला जातो, हें मराठी वाचकास निराळें सांगावयास नको. ब्रामाच्या कुलपास मात्र वेळ लागला. त्यांत अठरा सरकत्या पट्ट्या होत्या. हॉब्स सोळा दिवसांच्या मुदतींत सुमारें एकावन्न तास त्या कुलपाशीं बसला आणि शेवटीं तें उघडलें. कंपनीनें कुरकुर केली, पंचांनीं मात्र दोनशें गिनी देवविल्या. साठ वर्षें खिडकींत मिरविलेली पाटी अशा रीतीनें उतरली.

लंडनच्या वर्तमानपत्रांत त्यावर मोठा गदारोळ उठला. हॉब्सनें दाखविलें तें शहाणपणाचें कीं अविचाराचें, असा वाद होता. चोरांच्या हातीं आयुध दिलें, असें पुष्कळ सभ्य गृहस्थांस वाटलें. १८५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या हॉब्सच्या कुलपांवरील छोट्या पुस्तकांत ह्या आक्षेपास दिलेलें उत्तर असें, कीं चोर आपल्या धंद्यांत अगोदरच तरबेज असतात व त्यांस शिकविण्यासारखें ह्यांत कांहीं नाहीं. अज्ञानांत राहतो तो प्रामाणिक गिऱ्हाईक. कुलूप कच्चें असेल तर तें कच्चें असल्याचें कळण्याचा पहिला हक्क पैसे देणाराचा आहे. हें उत्तर किती खरें होतें, ह्याचा प्रत्यय खुद्द हॉब्सच्या पक्षासही आला. ज्या अमेरिकन कुलपाची जाहिरात करीत तो लंडनला आला होता, तेंच पुढें थोड्या वर्षांनीं लायनस येल ह्या त्याच्याच देशबंधूनें उघडून दाखविलें. येलनें १८६१ व १८६५ सालीं ज्या कुलपाचीं पेटंटें घेतलीं, त्याचें तत्त्व प्राचीन इजिप्तमधील लांकडी कुलपाचें होतें: वरून पडणाऱ्या खुंट्या आणि त्या उचलणारी किल्ली. आज मुंबईच्या सदनिकांच्या दारांना असणारें चपट्या किल्लीचें कुलूप त्याच्याच वंशांतलें.

छंद म्हणून कुलपें उघडणारा सर्वांत उच्चपदस्थ विद्यार्थी मात्र ह्याच्याही आधींचा. फ्रान्सचा सोळावा लुई राजवाड्यांतल्या भट्टीवर कुलपें बनवीत असे, आणि गामें नांवाचा कारागीर त्याचा गुरु होता. त्याच गामेंनें राजासाठीं भिंतींत एक लोखंडी गुप्त कपाट बसविलें आणि १७९२ सालीं त्याची बातमी क्रांतिकारकांना दिली. आंतले कागद राजाच्या जिवावर उठले. कुलपानें दगा दिला नाहीं. दगा माणसानें दिला.

आपल्याकडे ह्या विद्येचें केंद्र झालें तें मुंबईंतील लालबाग. अर्देशिर बुर्जोरजी गोदरेज (१८६८–१९३६) हा पारशी तरुण वकिली सोडून बसला होता. शस्त्रक्रियेचीं हत्यारें बनविण्याचा धंदा त्यानें आरंभिला, पण हत्यारांवर हिंदुस्थानांत केल्याचा शिक्का नको ह्या गिऱ्हाइकाच्या अटीपुढें मान न तुकवितां तो बंद केला. शहरांतील घरफोड्यांची बातमी वाचून त्याचें लक्ष कुलपांकडे वळलें. मेरवानजी कामा ह्यांच्याकडून घेतलेल्या कर्जावर त्यानें १८९७ च्या मे महिन्यांत लालबागेंत एका लहानशा छपराखालीं कारखाना घातला. त्यानें केलेल्या एका कुलपास दोन किल्ल्या असत. दोहोंनींही तें उघडे, परंतु दुसरीनें आंतली रचना बदलतां येई, आणि मग पहिली किल्ली निरुपयोगी होई. नोकरानें किल्लीची नक्कल केल्याची शंका येतांच गृहिणीनें दुसरी किल्ली फिरवावी, एवढेंच काम! चबच्या धर्तीचें हेर-कुलूपही त्यानें केलें. ज्यानें आधीं इतरांचीं कुलपें उघडून त्यांचे दोष पाहिले नाहींत, त्यास अशी कल्पना सुचणें अशक्य आहे. कुलूप करणाराची अर्धी विद्या ही कुलूप उघडणाराचीच विद्या असते.

हा कारखाना लालबागेंत निघाला, ही गोष्ट रत्नागिरीच्या दृष्टीनें अर्थपूर्ण आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणारे हात फार मोठ्या संख्येनें रत्नागिरी जिल्ह्यांतले होते. एका खोलींत पाळीपाळीनें निजणाऱ्या दहा-पंधरा माणसांची प्रत्येकीं एकच खासगी मालमत्ता असे, ती म्हणजे पत्र्याची पेटी. आणि तिच्यावर कुलूप. दुसरें कुलूप गांवच्या घराला. एकाच माणसाच्या करदोट्याला लटकणाऱ्या त्या दोन किल्ल्यांत एका पिढीचा सारा संसार मावत असे. ‘नवताल’ हें गोदरेजचें सात-आठ लिव्हरचें पितळी कुलूप पुढें घरोघर झालें, आणि कोंकणांतल्या दारांवरही दिसूं लागलें.

आतां त्या पट्टीचें आणि तारेचें रहस्य. नवशिक्यास तें एका वाक्यांत सांगतां येतें: कोणतेंही कारखान्यांतलें काम अगदीं बिनचूक नसतें. येलच्या कुलपांत एक फिरती नळी असते व तिला ओळीनें पांच-सहा भोंकें असतात. प्रत्येक भोंकांत खुंटीचे दोन तुकडे एकावर एक बसलेले, आणि वरून स्प्रिंगचा दाब. खरी किल्ली सर्व खुंट्या बरोबर इतक्या उचलते कीं, दोन तुकड्यांमधील सांधा नळीच्या कांठाशीं जुळतो. मग नळी फिरते. किल्ली नसली तर सर्व खुंट्या एकदम कशा उचलाव्या? उत्तर असें कीं, एकदम उचलावयाच्याच नाहींत. भोंकें केसभर तरी वांकडींतिकडीं असतात. पट्टीनें नळीस अगदीं हलका पीळ दिला कीं सगळ्या खुंट्या सारख्या अडकत नाहींत. एकच आधीं अडकते. तारेनें ती शोधून हळूच उचलावी. सांधा कांठाशीं आला कीं बारीकसा टिक् आवाज होतो आणि नळी केसभर सरकते. मग दुसरी अडकते. ती उचलावी. अशा क्रमानें शेवटची. नवशिक्याची चूक बहुधा एकच असते, ती म्हणजे जोर. जोरानें पीळ दिला कीं साऱ्याच खुंट्या आवळून बसतात. सतार जुळवितांना खुंटी पिळावी तशी ही पट्टी पिळावी लागते. हात कान झाला पाहिजे. म्हणूनच शिकणारानें आरंभीं एक-दोन खुंट्यांचेंच कुलूप घ्यावें, मग एकेक वाढवीत जावें, असा ह्या छंदांतील जाणत्यांचा सल्ला आहे.

हा छंद संघटित झाला तो अगदीं अलीकडे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांतील विद्यार्थ्यांची ह्या विषयावरची पुस्तिका १९९१ सालीं फिरूं लागली. जर्मनींत हँबुर्ग येथें १९९७ सालीं कुलूप उघडणाऱ्या क्रीडाप्रेमींचें मंडळ निघालें, आणि तेथें बुद्धिबळासारखे सामने होऊं लागले. ह्या मंडळींत दोन नियम कटाक्षानें पाळले जातात. जें कुलूप आपलें नाहीं, तें मालकाच्या परवानगीवांचून उघडूं नये. आणि जें कुलूप दाराला लावून वापरांत आहे, त्यावर अभ्यास करूं नये. पहिला नियम नीतीचा, दुसरा व्यवहाराचा. कारण अभ्यासांत कुलूप बिघडलें तर घरधनी घराबाहेरच राहावयाचा.

तरीही चहा देणाऱ्याच्या मनांतला तो प्रश्न राहतोच, आणि शहाण्यांच्याही मनांत तो कसा राहतो, ह्याचें एक उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धांत अणुबाँबचें काम चाललें असतां रिचर्ड फाइनमन हा तरुण शास्त्रज्ञ करमणुकीसाठीं तिजोऱ्या उघडीत असे. एका सहकाऱ्याच्या कपाटांतील गुप्त कागद त्यानें २७-१८-२८ हे आंकडे फिरवून उघडले. असा शास्त्रज्ञ कुलपासाठीं गणितांतलाच प्रसिद्ध आंकडा निवडणार, एवढाच त्याचा तर्क. तिजोरीचा खण उघडा राहिला म्हणजे आंकडे बाहेरून कळूं शकतात, हें त्यानें एका लष्करी अधिकाऱ्यास समक्ष दाखविलें आणि खण बंद ठेवण्याची सूचना केली. अधिकाऱ्यानें सर्वांस पत्रक धाडलें तें असें, कीं फाइनमन ज्यांच्या खोलींत येऊन गेला असेल त्यांनीं आपले आंकडे बदलावे! दोष खणाचा, आणि बंदोबस्त दाखविणाराचा. फाइनमनची ही हकीकत त्याच्याच आठवणींत आहे, आणि ती वाचून हंसूं येतें. परंतु दगड हातीं धरून उभ्या असलेल्या अंगणांतल्या मंडळींची मनोवृत्ति ह्याहून निराळी नसते.

कायद्यानें ह्या बाबतींत अधिक विवेक दाखविला आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत घरफोडीचे जे सहा प्रकार दिले होते, त्यांत गृह-अतिक्रमणासाठीं कुलूप उघडणें हा एक होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही ती कल्पना कायम आहे. कुलूप फोडलें कीं न मोडतां उघडलें, ह्यानें फरक पडत नाहीं. कशासाठीं उघडलें, ह्यानें पडतो. मात्र १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याप्रमाणें सूर्यास्त ते सूर्योदय ह्या वेळांत घरफोडीचें हत्यार योग्य कारणाशिवाय बाळगणें हाच अपराध आहे. तेव्हां छंदी मनुष्यानें आपली पट्टी आणि तार रात्रीं घरांतच ठेवलेली बरी.

भाट्यांत ह्या छंदाचा पहिला धडा मात्र खुंट्यांचा नव्हे, गंजाचा आहे. अडलेलें प्रत्येक कुलूप हें युक्तीनें सुटतेंच असें नाहीं. पितळेचें अंग टिकतें, पण लोखंडी कडें आणि आंतल्या स्प्रिंगा खाऱ्या हवेनें आधीं जातात. अशा कुलपांत खोबरेल सोडण्याची रीत सर्रास आहे. १९५५ पासून जेथें नारळाचें संशोधन चालू आहे त्या गांवीं ही गोष्ट कोणास रुचणार नाहीं, पण खोबरेल कुलपाचें शत्रु आहे. तें वाऱ्यावरची धूळ व वाळू धरून ठेवतें, कांहीं महिन्यांनीं चिकट होतें, थंडींत थिजतें, आणि खुंट्या जागच्या जागीं बसवून टाकतें. त्यापेक्षां शिसपेन्सिलीची भुकटी किल्लीला चोळून ती दहा-वीस वेळां आंतबाहेर करावी. ग्राफाइट कोरडें राहतें आणि धूळ धरीत नाहीं. कडें जेथें आंत शिरतें त्या फटीवर पावसाळ्यापूर्वीं रबराचा एखादा तुकडा बांधला तरी पुष्कळ काम होतें.

विसर्जन आटोपलें कीं सामान बांधलें जातें. कुणी तरी पेन्सिलीचें टोंक तासून कागदावर काळी भुकटी पाडतो, कुलूप दोन-चार वेळां लावून उघडून पाहतो, आणि मग तें कोयंड्यांत अडकवितो. एक किल्ली मुंबईस जाते. दुसरी शेजारच्या घरीं, खुंटीला.